एका सत्रासाठी जर्मनी: सहा महिन्यांत माणूस खरंच बदलतो का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, पुण्यात समाजशास्त्रात एम.ए. करतेय, पहिलं वर्ष. विद्यार्थी देवाणघेवाण योजनेतून येत्या हिवाळी सत्रासाठी, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठासाठी माझी निवड झाली आहे. होकार कळवायला थोडेच दिवस उरलेत आणि घरी रोज जेवताना हाच विषय निघतो.

पप्पा म्हणतात, अख्ख्या डिग्रीसाठी जाणार असतीस तर कर्ज काढलं असतं. सहा महिन्यांनी परत येशील तेव्हा हातात ना डिग्री ना नोकरी. दादाच्या मते ही सहल आहे. आई काहीच बोलत नाही आणि मला त्याचंच जास्त टेन्शन आलंय.

मला जायचंय. पण कशासाठी असं कुणी विचारलं की "अनुभव मिळेल, आत्मविश्वास वाढेल" याच्यापुढे माझी गाडी जात नाही, आणि ते बोलताना माझं मलाच पोकळ वाटतं. जर्मन बी१, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत झालंय. एकटी कधी राहिलेली नाही, पुण्यातसुद्धा मावशीकडेच असते.

तर जे एकाच सत्रापुरते बाहेर जाऊन आलेत त्यांना विचारायचंय: किल्ले, बर्फ आणि फोटो सोडून तुमच्यात नेमका काय फरक पडला? घरी सांगता येईल असं काहीतरी सांगा.

श्टुटगार्टकर

अभिनंदन! मी नोकरीवाला माणूस, बदलाबद्दल जाणकार बोलतील. वडिलांसाठी पैशाचं तेवढं सांगतो.

हायडेलबर्ग आमच्याच राज्यात, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये. या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो फी लागते. जर्मनीत फी नसते असं आपल्याकडे सरसकट सांगतात, ते इथे लागू नाही. पण विद्यापीठांमधल्या करारातून येणाऱ्यांना ही फी माफ असते. तुझ्या निवडपत्रात तसं स्पष्ट लिहिलंय का ते बघ, नसेल तर मेल टाकून लेखी मागून घे. सत्राचं किरकोळ वर्गणीवजा शुल्क सगळ्यांनाच भरावं लागतं.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्या महिना ९९२ युरो या हिशेबाने पैसे दाखवावे लागतात, वर्षाचे ११,९०४. तुझे सहा महिन्यांचे साधारण सहा हजार होतील. हे पैसे कुणाला द्यायचे नसतात. दर महिन्याला ठरलेली रक्कम तुझ्याच खात्यात येते, त्यातूनच भाडं, विमा, जेवण भागवायचं. शिष्यवृत्ती मिळत असेल तर तिचं पत्र जोडलं की तेवढी रक्कम कमी दाखवून चालते.

वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, पण एका सत्रासाठी येणाऱ्याने त्याच्या भरवशावर येऊ नये. भाषा जमून काम मिळेपर्यंत परतीचं तिकीट हातात येतं. आणि रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिना १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून ते फेकू नकोस. ती घरामागे एक असते, सामायिक घरात राहिलीस तर सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची.

पुरंदरकर

कृष्णाकाठची, मी हायडेलबर्गलाच होते, २०२२-२३ च्या हिवाळी सत्राला. घर सासवडच्या पुढे, तेव्हा पुण्यात इतिहासात एम.ए. करत होते. आता साताऱ्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. तुझ्या पप्पांचा प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आत्मविश्वास वगैरे बाजूला ठेव. माझ्यात फरक पडला तो एकच आणि तो मला सांगता येतो: मला स्वतःचा प्रश्न विचारता यायला लागला.

एम.ए.पर्यंत मी फर्स्ट क्लासात येत गेले ती नोट्स आणि मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांच्या जोरावर. प्रश्न विद्यापीठाचा, उत्तर माझं. तिथे पहिल्याच सेमिनारला हा हिशेब उलटा झाला. वर्गात पंधरा-एक मुलं, टेबलं चौकोनात मांडलेली. दर आठवड्याला चाळीस-पन्नास पानं आधी वाचून यायची, आणि ती वाचलीत हे धरूनच चालायचं. बाई आल्या की शिकवायला सुरुवात करत नाहीत. म्हणतात, यातलं काय पटलं नाही? मग कुणीतरी पान उघडून म्हणतं, अमुक परिच्छेदात लेखक जे म्हणतो त्याला पुरावाच दिलेला नाही. सुरुवातीचे आठवडे मी गप्प असायचे. मजकूर कळत नव्हता असं नाही. छापलेल्या पानावरचं आपल्याला पटलंय की नाही, असं कुणी मला कधी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे मुलं वर्गात बोलत नाहीत याला आपण लाजाळूपणा म्हणतो. शिकवायला लागल्यापासून मला ते पटेनासं झालंय. मुलांकडून आपण उत्तरांखेरीज दुसरं काही मागतच नाही, मग ती बोलतील काय?

त्या विषयाला सत्राअखेर लेखी परीक्षा नव्हती. हाउसआर्बाइट लिहायची, म्हणजे पंधरा-वीस पानांचा निबंध, आणि विषय आपला आपण आणायचा. प्राध्यापकांची भेटीची ठरलेली वेळ असते, तिथे मी 'महाराष्ट्रातील लोकदैवते' असा झोकदार विषय घेऊन गेले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हा विषय झाला. तुमचा प्रश्न कुठे आहे? तुम्हाला काय माहीत नाही आणि ते कळावं असं वाटतंय? मला पटकन काही सांगता येईना. आवाजात राग नव्हता, उपहास नव्हता. पुढच्या आठवड्यात परत या म्हणाल्या आणि वहीत माझं नाव लिहून घेतलं.

बेर्गहाइम भागात फॉसश्ट्रासेवर आशियाविषयक विभागांची इमारत आहे. १९६२ साली स्थापन झालेली दक्षिण आशिया संस्था आता तिथेच असते. खाली मोठं ग्रंथालय. तो हिवाळा युक्रेन युद्धामुळे गॅस वाचवायचा होता, सरकारी इमारतींमध्ये १९ अंशांच्या वर हीटर लावायला बंदी, त्यामुळे आम्ही सगळे कोट घालूनच वाचत बसायचो. तिथल्या मांडणीवर मराठी पुस्तकं दिसली आणि त्यांच्याजवळ ग्युंटर-डीट्स सोंथायमर यांची. हे हायडेलबर्गचे प्राध्यापक, १९९२ साली वारले. महाराष्ट्रात धनगरांबरोबर हिंडून त्यांनी ओव्या आणि कथा टिपून घेतल्या आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवर जर्मनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यातलं म्हस्कोबाचं वीर म्हणजे आमच्या पुरंदर तालुक्यातलं! माघातल्या यात्रेला आम्ही दरवर्षी जातो. कुणाच्या काठीला कुठला मान, कुणी आधी भेटायचं, यावरची भांडणं मी लहानपणापासून पाहिलीत. मला ते सगळं 'असतंच' असं वाटायचं. इथे एका माणसाने त्यातल्या एकेका गोष्टीपुढे 'हे असं का' म्हणून आयुष्य घातलं होतं. त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवून मी बराच वेळ नुसती बसून होते.

मग मला माझा प्रश्न सापडला, आणि तो घरातला होता. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. लग्नकार्यानंतर घरी जागरण असतं, वाघ्या-मुरळी येतात, रात्रभर गाणी होतात. खंडोबाची पहिली बायको म्हाळसा वाण्याची, दुसरी बानू धनगराची, आणि दोघींच्या भांडणाची गाणी आमच्याकडे हमखास होतात. मला कळेना, की ती गाणी सांगतं कोण? वाघ्या आपणहून म्हणतो, की कुणी फर्माईश करतं?

आजीला फोन लावला. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं आणि आजी नऊला झोपते, म्हणून तिथल्या चारच्या सुमाराला ग्रंथालयाच्या जिन्यात उभी राहून फोन करायचे. आजी म्हणाली, "बानूची गाणी आम्ही बायकाच सांगतो की. पण पहाटंकडं. तवर बाप्ये पेंगाय लागल्याले असत्यात." मी म्हटलं, आधी का नाही सांगत? तर म्हणाली, "आधी देवाचं, मग आमचं."

हे मी तीस वर्षांची होईपर्यंतही विचारलं नसतं, गावातच राहिले असते तर. रोजच्या ओळखीच्या माणसाला आपण कशाला काय विचारतो?

त्यावर वर्गात रेफराट दिला, म्हणजे वीसेक मिनिटांचं तोंडी सादरीकरण. संपल्यावर तिथे टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी टेबलावर ठकठक करतात. ती ठकठक थांबायच्या आत समोरचा मुलगा म्हणाला, मला हे पटत नाही, तुझा पुरावा एकाच घरातला आहे, दुसऱ्या घरात पुरुष ही गाणी मागत असतील तर? मला कानशिलं तापल्यासारखं झालं. आणि तास संपल्यावर तोच मुलगा म्हणतो, मेन्साला, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, येतेस का जेवायला? जेवताना त्याने मुरळ्यांबद्दल इतकं बारकाईनं विचारलं, की त्याला खरंच जाणून घ्यायचंय याबद्दल शंका उरली नाही. माझ्या मांडणीतलं न पटणं आणि मी न पटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या टेबलावर कळलं. त्याची शंका बरोबर होती, म्हणून मग मी नाझऱ्याच्या आत्याला, शेजारच्या काकूंना, माहेरी वेगळा कुळाचार असलेल्या मामीला असं एकेकीला विचारत गेले. दोन घरांत उत्तर वेगळं आलं. निबंध त्यामुळेच चांगला झाला.

राहण्याबद्दल थोडं. मी वसतिगृहात होते, एका मजल्याला एक स्वयंपाकघर, फ्रीजवर साफसफाईची पाळी लावलेली. तिथे कुणी आपणहून तुझी विचारपूस करायला येणार नाही. डिसेंबरात मला सडकून ताप आला तेव्हा शेजारच्या खोलीतली मुलगी दाराशी आली नाही, कारण बंद दार वाजवणं तिला आगाऊपणा वाटतं. मी मेसेज केला, "ताप आहे, उठवत नाही, पॅरासिटामॉल आणशील?" ती पंधरा मिनिटांत औषध, लिंबं आणि गरम सूप घेऊन हजर. वर रात्री डॉक्टर लागला तर ११६११७ वर फोन करायचा, हे कागदावर लिहून उशापाशी ठेवून गेली. माणसं प्रेमळ आहेत. फक्त तुला काय हवंय ते तुला तोंडाने सांगावं लागतं, आणि घरात न सांगता सगळं समोर आलेल्या आपल्यासारख्यांना ते फार अवघड जातं. मला गेलं.

डिसेंबर जड जातो, हेही सांगून ठेवते. साडेचारला अंधार, नेकार नदीवर दिवस दिवस धुकं, रविवारी सगळी दुकानं बंद. त्या महिन्यात रोज कुठेतरी बाहेर पडायचंच असं ठरवून ठेव, मग ते नुसतं पुलापर्यंत का असेना.

पप्पांना सांग, परत येताना हातात काहीच नसतं असं नाही. स्वतः ठरवलेल्या प्रश्नावर स्वतः लिहिलेली वीस पानं असतात, आणि ती वाचून तुझ्याबद्दल खरोखर दोन ओळी लिहू शकेल असा एक प्राध्यापक असतो. मला पुढे संशोधनाची वाट याच वीस पानांनी दाखवली.

कृष्णाकाठची

ताई, मी हे दोनदा वाचलं आणि दादालाही वाचायला दिलं. तो सहल म्हणायचा थांबलाय, एवढं खरं.

दोन शंका आहेत. एक, इथे बुडणाऱ्या सत्राच्या क्रेडिट्सचं काय होतं? वर्ष वाया गेलं तर पप्पा ऐकणार नाहीत. दुसरी जरा वेडेपणाची वाटेल: तुम्हाला आजी होती, जागरण होतं, नेमकं तिथलं ग्रंथालय होतं. माझ्याकडे असं काही नाही. सांगलीत फ्लॅटमध्ये वाढले, घरात गणपती आणि दिवाळी एवढंच. मला प्रश्न सुचलाच नाही तर?

मास्तरीणबाई

क्रेडिट्सचं मी सांगते. कोल्हापूरकडच्या कॉलेजात वीसेक वर्षं शिकवतेय, बाहेर जाणाऱ्या मुलांचे कागद माझ्याच टेबलावरून जातात.

युरोपात एका सत्राची ३० ईसीटीएस क्रेडिट्स धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. त्यात वाचन, लिखाण सगळं आलं. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे सत्रात वर्गातले १५ तास. त्यामुळे आकड्याला आकडा जुळत नाही आणि परत आल्यावर वाद होतात. माझ्या ओळखीच्या एका मुलीची क्रेडिट्स तिच्या कॉलेजच्या कार्यालयाने "विषयाचं नाव जुळत नाही" म्हणून कित्येक महिने अडवून धरली होती. यावर उपाय एकच: निघण्याआधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. तिथला कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाऐवजी धरणार, हे विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याने लेखी करून घ्यायचं. तिथे गेल्यावर विषय बदललास तर त्याच आठवड्यात नवीन कागद. तोंडी "बघू नंतर" कुणी म्हणालं तर हलायचं नाही. गुणांची पद्धतही उलटी आहे, १.० सर्वांत वर आणि ४.० पर्यंत पास. रूपांतर कुठल्या सूत्राने करणार तेही त्याच कागदावर येऊ दे.

आता पुरंदरकरांशी थोडं भांडते. तुम्ही लिहिलंय ते मनापासून आवडलं, पण हे सगळं जर्मनीने केलं असं म्हणणं मला मान्य नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. वेगवेगळ्या जातींची खेड्यातली पोरं एका पंगतीत बसली, स्वतः राबून शिकली. माझे वडील नंतरच्या काळात रयतेच्या वसतिगृहात वाढले. गाव सोडून तीस मैलांवर गेले आणि माणूस मुळापासून बदलला. आजही चंदगडहून कोल्हापुरात येणारी मुलगी वर्षभरात किती बदलते ते मी डोळ्यांनी बघते. तिला कुणी निवडपत्र देत नाही आणि तिच्याबद्दल कुणी लेख लिहीत नाही. घर सोडल्यावर माणूस वाढतो. त्याला व्हिसा कशाला लागतो?

पुरंदरकर

मास्तरीणबाई, बोर्डिंगबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के. चंदगडच्या मुलीबद्दल तर जास्तच. मी साताऱ्यात रोज तशाच मुलींना शिकवते आणि त्यांच्याबद्दल लिहायला हवं हे तुमचं म्हणणं मी मनावर घेतलंय.

तरी एक गोष्ट मला वेगळी वाटते. पुण्यात मी आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, की समोरच्याला माझ्याबद्दल निम्मं कळलेलं असायचं, किंवा कळलं असं तो धरून चालायचा. मलाही समोरच्याबद्दल तसंच. मग पुढचं विचारायची गरजच कुणाला वाटत नसे. तिथे माझं आडनाव ऐकून कुणाच्या चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही. इराणहून आलेल्या मैत्रिणीला कुळाचार म्हणजे काय हे अगदी पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की यातलं निम्मं मला माहीत नाही. घर सोडण्याने धीटपणा येतो, तो मला पुण्यातच आला होता. पण जिथे आपल्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नाही अशा ठिकाणी सहा महिने काढण्याने जे होतं ते मला पुण्यात झालं नव्हतं. तुमच्या वडिलांना कदाचित ते साताऱ्यातच मिळालं असेल, त्या काळी अंतरं वेगळी होती.

कृष्णाकाठची, तुझी शंका वेडेपणाची मुळीच नाही. प्रश्नासाठी जागरण-गोंधळ असावा लागत नाही. माझ्याबरोबर ब्राझीलचा एक मुलगा होता, त्याने त्याच्या इमारतीतल्या लिफ्टवर निबंध लिहिला: मालकांची वेगळी आणि कामवाल्यांची वेगळी का. तू सांगलीत फ्लॅटमध्ये वाढलीस ना? २०१९ च्या पुरात तुमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरची माणसं कुणाच्या घरी राहिली, कुणी दार उघडलं, कुणी नाही, किती दिवसांनी पुन्हा नुसती जिन्यातली ओळख उरली? समाजशास्त्राच्या मुलीने विचारावं असं यात केवढं आहे! मी नुसतं उदाहरण दिलंय, हाच घे असं नाही. तुझा तुला सापडेल, आणि बहुधा जेवताना कुणीतरी साधंसं काही विचारेल तेव्हा सापडेल.

आणि आईबद्दल. तू लिहिलंस की ती बोलत नाही. तिला विचारलंस का, की ती का बोलत नाही? "जाऊ का" असं विचारू नकोस. त्याचं उत्तर ती पप्पांकडे बघून देईल. तिला कशाची काळजी वाटतेय, एवढंच विचार आणि मग मध्ये बोलू नकोस.

कृष्णाकाठची

काल रात्री पप्पा झोपल्यावर विचारलं. मला वाटलं होतं पैसे, नाहीतर परदेशात एकटी मुलगी, नाहीतर माझं जेवण. यातलं काहीच निघालं नाही. आई म्हणाली, "तू सहा महिने गेलीस की मावशीकडची तुझी खोली तिच्या पुतण्याला जाईल. त्याचं यंदा इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन आहे. मग परत आल्यावर तू पुण्यात राहणार कुठे, आणि मावशीला मी काय सांगू?" हे ती गेले दोन आठवडे मनात धरून बसली होती. मावशीने उपकार म्हणून ठेवलंय असं तिला कायम वाटत आलंय, आणि खोली "अडवून ठेव" म्हणायचा तिला संकोच.

मी म्हटलं, खोली त्याला दे, मी परत आल्यावर विद्यापीठाच्या होस्टेलला अर्ज करीन, नाहीच मिळालं तर मैत्रिणींबरोबर भाड्याने राहीन. यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मावशीला तू सांगायचंस, मी नाही." सकाळी मीच मावशीला फोन केला. ती उलट हसली, म्हणाली, पुतण्याचं मलाच तुझ्या आईला कसं सांगावं ते कळत नव्हतं.

लर्निंग अ‍ॅग्रीमेंटचा कोरा फॉर्म विभागातून आणलाय, सोमवारी सरांची वेळ घेतलीय. पप्पांना फी माफीचं वाक्य निवडपत्रात दाखवलं, ते आता ब्लॉक्ड अकाउंटसाठी बँकेत चौकशी करतायत. तोंडाने अजून हो म्हणालेले नाहीत. होकाराचा मेल मात्र मी आज पाठवला.

आता वसतिगृहाचा अर्ज भरतेय. पसंतीक्रमात काय लिहू, जुन्या शहरात की नॉयेनहाइमर फेल्ड, म्हणजे नदीपलीकडच्या विद्यापीठाच्या आवारात?

पुरंदरकर

नॉयेनहाइमर फेल्ड पहिलं लिही. जुनं शहर देखणं आहे, पण तिथे खोल्या थोड्या आणि खाली रात्री उशिरापर्यंत गजबज. फेल्डमधून सायकलने एर्न्स्ट-वाल्ट्स पूल ओलांडलास की लगेच बेर्गहाइम, ग्रंथालय तिथेच. सायकल जुनी घे, दिवे मात्र पुढचा-मागचा दोन्ही चालू असलेले, पोलीस संध्याकाळी थांबवतात.

अर्ज आजच पाठव. प्रवेशाचं अंतिम पत्र यायची वाट बघत बसू नकोस, तोवर खोल्या संपतात. पहिल्या दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायला महापालिकेच्या कार्यालयात जावं लागेल, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो वसतिगृहाच्या व्यवस्थापकाकडून किल्ली घेतानाच मागून घे. कुकर नेणार असशील तर छोटा ने, आणि रविवारी दुपारी शिट्ट्या करायच्या आधी मजल्यावरच्यांना विचार.

श्टुटगार्टकर

वडिलांना बँकेत हेलपाटे घालू देऊ नका. ब्लॉक्ड अकाउंट ऑनलाइन उघडतं, तूच उघड. इथून पैसे पाठवताना मात्र तुमच्या बँकेचा परकीय चलनाचा फॉर्म भरावा लागतो, त्यावर कारण 'परदेशी शिक्षण' असंच लिहायला सांग, कर त्यावर ठरतो. अडलं तर इथेच विचार.